सभागृहाची किल्ली कोणाकडे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या जिल्हा पानावर कुठल्या ना कुठल्या गावच्या सभागृहाचे भूमिपूजन नाहीतर लोकार्पण हटकून असते. फेटे, नारळ, कुदळीला लागलेले दहा-बारा हात, सगळे फोटोत दिसते. ते सभागृह रोज किती वाजता उघडते, हे मात्र कुठे छापून येत नाही. येणार कसे? रोज ते उघडतच नाही. लग्न, मतदान किंवा कुणा पुढाऱ्याची सभा असली की कुलूप निघते. एरवी आत गणेश मंडळाचा जुना देखावा, ठेकेदाराची उरलेली सिमेंटची पोती आणि मोडक्या खुर्च्यांची उतरंड.

सांगली जिल्ह्यात अशा जागेची गरज नाही असे कोण म्हणेल? विटा, खानापूर, आटपाडीकडची मुले गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. जतकडची कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातचा भोंगा सुरू केला. भोंगा झाला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. त्याचे देशभर कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण टीव्ही बंद केल्यावर ज्या घरात अभ्यासाला कोपराही नाही, त्या घरातल्या पोराने बसायचे कुठे? उजेडाची, पंख्याची आणि चार माणसांच्या नजरेतली जागा गावात असतेच. ती कुलपात असते.

कुलूप पडते ते हिशेबामुळे. बांधकामाला खासदार निधी, आमदार निधी, ग्रामविकास विभागाचे २५१५ असे कुठले ना कुठले लेखाशीर्ष सापडते. इमारत ताब्यात आली की झाडलोट, वीजबिल आणि उघडझाप करणाऱ्याचे मानधन यांतले काहीच त्या निधीतून मिळत नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा अबंधित निधीही पगारासाठी वापरता येत नव्हता. मग भाडे एवढेच उत्पन्न उरते आणि भाडे येते लग्नातून. दोन वर्षांत सभागृहाचे मंगल कार्यालय होते आणि ज्यांच्या नावाने निधी मागितला त्यांना तारीखच मिळत नाही.

तो हिशेब इथे मांडतो. ३० बाय ५० फुटांचे, म्हणजे १,५०० चौरस फुटांचे सभागृह धरू. रोज अडीच तास उघडझाप, झाडलोट आणि नोंद ठेवणाऱ्या बाईंना महिना ४,००० रुपये, वीज ९००, फिनेल-खराटे-बल्ब ५००, किरकोळ दुरुस्ती १,००० आणि मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला १,१०० रुपये. महिन्याला ७,५००, वर्षाला ९०,०००. वर्षात २४ लग्ने प्रत्येकी ३,००० रुपयांनी आणि बारसे, साखरपुडा, वाढदिवस असे २० छोटे कार्यक्रम हजार रुपयांनी दिले, की ९२,००० जमतात. आकडे गावागणिक बदलतील. वर्षातले ४०-४५ दिवस भाड्याने देऊन उरलेले ३२० दिवस चालवता येतात, हे मात्र बदलत नाही. शंभर दिवस भाड्याने द्यावे लागत असतील तर दर कमी आहे किंवा फुकट्यांची संख्या जास्त आहे.

फुकट्यांवर थोडे जास्त लिहावे लागेल, कारण बहुतेक सभागृहे तिथेच बसतात. सरपंचांच्या भाच्याचे लग्न फुकट झाले की पुढच्या सदस्याचा पुतण्या रांगेत असतो. गरीब घराला सवलत जरूर द्यावी, पण तिचा दर ग्रामसभेत ठरवावा, म्हणजे तो भिडेवर राहत नाही. सफाईचे ५०० रुपये आणि विजेचे पैसे तर कोणालाच माफ नसावेत. विजेसाठी सोपी रीत आहे. किल्ली देताना मीटरचे रीडिंग पावतीवर लिहायचे, परत घेताना पुन्हा लिहायचे आणि फरकाचे पैसे अनामतीतून कापायचे. डीजेवाल्याचा आणि मंडपवाल्याच्या हॅलोजनचा भार कोणाच्या डोक्यावर पडतो, हे त्या एका ओळीत कळते. अनामत २,००० ठेवावी आणि ती लगेच परत न देता दुसऱ्या दिवशी खुर्च्या, नळाच्या तोट्या आणि संडासाची भांडी पाहून द्यावी. हात धुण्याच्या जागेचे पाणी जिथून नळीत जाते तिथे जाळीचा डबा नसेल तर भात आणि फाटके द्रोण नळीत जाऊन बसतात आणि आठवड्याने सगळे मोरीतून वर येते. पावती ग्रामपंचायतीच्या छापील क्रमांकाच्या पुस्तकातलीच हवी. वहीच्या पानावर लिहून घेतलेले पैसे कुठे गेले यावरून गावात जेवढे तट पडतात, तेवढे निवडणुकीतही पडत नाहीत.

किल्ली सरपंचांच्या घरी असते, हा दुसरा अडथळा. सरपंच साताऱ्याला गेले की सभागृह बंद. आणि विरोधी गटाची बाई त्या उंबऱ्यावर किल्ली मागायला जाणारही नाही. किल्ल्या तीन कराव्यात. एक काम पाहणाऱ्या बाईंकडे, एक ग्रामपंचायत कार्यालयात आणि एक समोरच्या घरात खुंटीला. काम बचत गटातल्या दोघींना आठवडा-आठवडा वाटून द्यावे. एक आजारी पडली, एकीच्या घरी कार्य निघाले तरी दार उघडते. मानधन ठरल्या तारखेला द्यावे. ‘समाजसेवा म्हणून कर’ असे सांगितलेले काम तिसऱ्या महिन्यात बंद पडते आणि त्यात त्या बाईंचा काही दोष नसतो. देखरेखीला ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४९ खालची ग्रामविकास समिती आहेच, तिथे विषय घ्यावा. नवी समिती नेमली की नवे मानपान सुरू होतात.

वेळा ठरवताना गावाचा दिवस पाहावा लागतो. संध्याकाळी सहा ही धारेची वेळ. म्हशी सोडून कोण येणार? महिलांचा कार्यक्रम त्या वेळी ठेवायचा आणि सतरंज्या रिकाम्या राहिल्या की ‘बायकांना हौसच नाही’ म्हणायचे, हे अनेक गावांत चालते. त्यांची वेळ दुपारी दोन ते चार. म्हाताऱ्यांची सकाळी दूध घालून झाल्यावर, आठ-साडेआठपासून. मुलांची संध्याकाळी सात ते साडेआठ, पण देवळात त्याच वेळी हरिपाठ असेल तर अर्धा तास मागेपुढे करावे, नाहीतर दोन्हीकडे निम्मी माणसे. आठवडा बाजाराच्या दिवशी काहीही ठेवू नये. आणि आठवड्यातला एक वार असा हवा की त्या दिवशी मुहूर्त कितीही दांडगा असला तरी सभागृह भाड्याने मिळणार नाही. तुळशीच्या लग्नानंतर तारखांसाठी दबाव सुरू होतो. म्हणून हा वार त्याआधीच ग्रामसभेत ठरवून भिंतीवर रंगवून टाकावा. कागदावरचा नियम बदलायला एक फोन पुरतो, रंगवलेला पुसायला ब्रश आणावा लागतो.

आता उताराबद्दल. नव्या बहुतेक सभागृहांना ‘रॅम्प’ दाखवलेला असतो, कारण अंदाजपत्रकात तो मागतात. नियम १:१२ चा आहे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. जोते दोन फूट असेल तर उतार चोवीस फूट हवा. प्रत्यक्षात आठ फुटांत उरकतात आणि तो होतो १:४. तिथून चाकाची खुर्ची वर ढकलायला दोन गडी लागतात, खाली येताना ती हातातून सुटते, आणि गुडघे धरलेली आजी शेवटी पायऱ्यांनीच चढते. वर त्याला गुळगुळीत चकचकीत फरशी लावली असेल तर पहिल्या पावसात कोणीतरी कंबर मोडून घेते. समोर जागा नसेल तर भिंतीच्या कडेने बारा फूट चढवावा, मध्ये पाच फुटांचा सपाट टप्पा द्यावा आणि वळवून पुन्हा बारा फूट न्यावा. रुंदी किमान चार फूट. काँक्रीट ओले असताना त्यावर आडव्या खराट्याने रेघा ओढाव्यात, फरशी लावूच नये. दोन्ही बाजूंना अडीच ते तीन फुटांवर पाइपचा कठडा. हे सगळे मूळ बांधकामात जवळपास फुकट होते, नंतर तोडून करायला घेतले तर कोणी करत नाही.

आत आल्यावर बसायचे कशावर, हाही प्रश्न आहेच. सतरंजीवर बसलेली सत्तरीची माणसे उठताना एकमेकांचे खांदे शोधतात. निदान तीस खुर्च्या हातांच्या हव्यात, कारण हातावर भार देऊनच उठता येते. प्लास्टिकची खुर्ची उन्हात ठेवली की ठिसूळ होते. पांढुरकी पडून पायाशी बारीक चरे दिसायला लागले की ती बाजूला काढावी, लग्नात ‘चालेल’ म्हणून वापरू नये. पाठीवर खुणेचा आकडा रंगवला की शेजारच्या गावात गेलेली खुर्ची परत येते.

ज्येष्ठांच्या व्यायामाला गुरू लागत नाही. हाताच्या खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणे, भिंतीच्या कडेने एका रेषेत चालणे. तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे असे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना सांगते. नंतर चहा ठेवावा. चहासाठीच पुष्कळजण येतात आणि त्यात काही गैर नाही. बिनसाखरेचा टोप मात्र वेगळा आणि आधी भरावा.

महिन्यातून एकदा उपकेंद्राचे कर्मचारी आणि आशाताई रक्तदाब-साखर तपासायला येतात, ती तपासणी सभागृहातच व्हावी. तीही बहुधा चुकीच्या रीतीने होते. टेबल व्यासपीठावर मांडतात, माणसे पायऱ्या चढून रांगेत उभी राहतात, तोंडात तंबाखू नाहीतर मिस्री, रानातून उन्हातून आलेली, शेजारणीशी बोलता बोलता हात पुढे करतात. असा घेतलेला रक्तदाब हमखास वाढीव दिसतो. घाबरलेला माणूस मग दोन महिने गोळ्या घेतो नाहीतर तपासणीवरचा विश्वासच सोडून देतो. टेबल खालीच मांडावे. आधी दहा खुर्च्यांची ओळ ठेवावी आणि प्रत्येकाने तिथे पाच मिनिटे गप्प बसावे. अर्धा तास आधी चहा आणि तंबाखू नको, लघवीला लागली असेल तर जाऊन यावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा बाहीवर न बांधता उघड्या दंडावर. आकडा १४०/९० किंवा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा घ्यावा आणि दोन्ही आकडे कार्डावर लिहावेत. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी अपेक्षित असते, पण येतात म्हातारी माणसेच. चाळिशीतले पुरुष तपासायचे असतील तर रात्री आठनंतर एक फेरी ठेवावी लागते.

आशाताईंना कोणाशी खासगी बोलायचे असेल तर दार लागणारी एक छोटी खोली हवी. सामानाची खोली रिकामी केली की ती मिळते. कर्ज, दारू, सासर यांवर कोणी हॉलच्या मधोमध बोलत नाही. त्या खोलीच्या आतल्या बाजूला १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा आणि १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांच्या हेल्पलाइनचा क्रमांक मोठ्या अक्षरांत रंगवावा. दर्शनी भिंतीवर तो वाचताना दिसायलाही माणूस लाजतो.

देवळाचा सभामंडप असताना हे सगळे कशाला, असे विचारले जाते. सभामंडपात सुतक पाळले जाते, पाळी आलेल्या बायका बाहेर राहतात, दुसऱ्या धर्माचे शेजारी उंबऱ्याशी घुटमळतात. वस्तीतल्या समाजमंदिराचे याच्या उलटे. ते गावाचे असूनही गावठाणातली मंडळी तिकडे फिरकत नाहीत. तपासणी एका महिन्याला इथे आणि पुढच्या महिन्याला तिथे ठेवली की निदान बीपीच्या निमित्ताने पाय वळतात. एवढ्याने जात जाणार नाही, पण त्या जागेला ‘त्यांचे’ म्हणणे थोडे अवघड होते.

संडासाविषयी थोडक्यात. बायकांच्या बाजूला आतून लागणारी कडी, दिवा, खुंटी आणि झाकणाची बादली नसेल तर संडास आहे असे धरूच नये. पीव्हीसीची दारे बिजागरीशी फाटतात, म्हणून स्क्रू पोकळ भागात न मारता मागून पट्टी देऊन बोल्ट मारावा. टाकीच्या वायुनलिकेला वर जाळी हवी, नाहीतर गावाचे डास तिथेच वाढतात. दर्शनी कोनशिला मात्र सगळीकडे अस्सल ग्रॅनाइटची असते.

आवाज घुमतो, ही तक्रार सर्वत्र आहे. गिलावा, फरशी, पत्रा, सगळे टणक, आवाज शोषणारे काहीच नाही. मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. मागून आवाज रेंगाळत आला तर कमी ऐकू येणाऱ्यांना तिथले भाषण कळणार नाही आणि माइक वाढवला की आणखी कमी कळेल. व्यासपीठासमोरच्या भिंतीवर काथ्याच्या चटया नाहीतर जुन्या गोधड्या भिंतीपासून दोन इंच अंतर सोडून टांगाव्यात, त्या अंतरामुळे फरक पडतो. स्पीकर छताला न लावता माणसांच्या डोक्यापेक्षा जरा वर ठेवावेत. आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद हा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतला मुद्दा भाड्याच्या पावतीमागेच छापावा.

विजेच्या बाबतीत एक गोष्ट अजिबात टाळू नये. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच हवा आणि अर्थिंग खरोखर जमिनीत गेलेले हवे. मंडपवाले बोर्ड उघडून वायरी खोचतात, ओल्या फरशीवरून पाणी थंड करायच्या यंत्राला हात लागतो आणि माणूस चिकटतो. मंडपासाठी बाहेर वेगळा सॉकेट बोर्ड दिला की मुख्य बोर्डाला कुलूप लावता येते. लोडशेडिंगसाठी १५० अँपिअर-तासाची एक बॅटरी घेतली तर तिच्यातून सुमारे हजार वॅट-तास वापरायचे धरावेत. जुने ७५ वॅटचे सहा पंखे आणि २० वॅटच्या सहा ट्यूब म्हणजे ५७० वॅट, दोन तासही टिकत नाही. पंखे ३० वॅटचे बीएलडीसी घेतले की भार ३०० वर येतो आणि तीन तास निघतात. म्हणजे आधी पंखे बदलावेत, मग बॅटरी घ्यावी. बहुतेक गावे बॅटरी आधी घेतात. पत्र्याच्या स्क्रूखालचे रबरी वायसर चार-पाच उन्हाळ्यांत कडक होतात. पत्रा फुटला असे वाटते, पण गळत असते स्क्रूशी. मृगाच्या आत तेवढे वायसर बदलले आणि पन्हाळीतला पिंपळ उपटला की पावसाळा निभतो.

कृष्णा-वारणाकाठच्या गावांसाठी आणखी एक हिशेब. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. २००५ आणि २०२१ लाही लोकांना घरे सोडावी लागली. तेव्हा यादीत ‘निवारा’ म्हणून सभागृहाचे नाव असते आणि क्षमतेपुढे दोनशे-तीनशे लिहिलेले असते. तो आकडा पंगतीचा आहे. मदतकार्याच्या जागतिक मानकांप्रमाणे मुक्कामाला माणशी साडेतीन चौरस मीटर जागा लागते. १,५०० चौरस फूट म्हणजे १३९ चौरस मीटर, त्यात चाळीसच माणसे नीट राहतात. त्यांना माणशी रोज पंधरा लिटर म्हणजे ६०० लिटर पाणी आणि वीस जणांमागे एक याप्रमाणे दोन संडास लागतात. तहसील कार्यालयाच्या यादीत हा चाळीसचा आकडा लिहून घ्यावा, म्हणजे उरलेल्यांची सोय शाळेत करायची हे आधीच ठरते. २०१९ च्या पाण्याची रेघ भिंतीवर रंगवावी आणि मीटर, बोर्ड, बॅटरी तिच्या वर न्यावेत. टाकीच्या पाण्यात हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घालून अर्धा तास थांबावे. पावडरीचे पोते उघडे राहिले की तिचा जोर जातो, म्हणून झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी ठेवावी. आणि गॅसच्या टाक्या नेहमीच बाहेरच्या शेडमध्ये उभ्या ठेवाव्यात. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो आणि त्या जमिनीवरच माणसे झोपलेली असतात.

पुढच्या भूमिपूजनाला आपले वार्ताहर जातील तेव्हा पाहुण्यांची नावे थोडी कमी करून जोत्याची उंची आणि उताराची लांबी तेवढी विचारून छापावी, ही विनंती.

आपले,
सभागृहांच्या व्यवस्थापनाचे काम पाहणारे कार्यकर्ते,
खानापूर तालुका, जि. सांगली